निळ्या पाटलोणीची साक्ष

आपल्याकडे वस्त्रांविषयी जेव्हा जेव्हा लिहिले जाते, तेव्हा लेखकाची दृष्टी प्रथम पैठणीकडे, शालूकडे, पीतांबराकडे आणि जरीकाठी शेल्याकडे वळते. हे स्वाभाविक आहे. ज्या वस्त्राला मोल आहे ते लोक जपून ठेवतात, जे जपलेले असते तेच पुढे अभ्यासकाच्या हाती लागते, आणि जे त्याच्या हाती लागते त्यालाच तो इतिहास म्हणतो. नांगरामागून चालणाऱ्याचा पंचा, माडावर चढणाऱ्या रेंदेराची काष्टी, गोदीत ओझी वाहणाऱ्याची विजार ही वस्त्रे अंगावर झिजतात, मग पायपुसणे होतात आणि अखेरीस उकिरड्यावर जातात. त्यांचा इतिहास त्यांच्याबरोबरच संपतो.

या नियमाला गेल्या काही दशकांत एक मोठा अपवाद घडला आहे. तो म्हणजे अमेरिकेतील खाणकामगारांची निळी पाटलोण, जिला आज सारे जग जीन्स म्हणून ओळखते. जुन्या जीन्स शोधून काढणारे, त्यांचे वय ठरवणारे, त्यांवर ग्रंथ लिहिणारे आणि लक्षावधी रुपये मोजून त्या विकत घेणारे लोक अमेरिकेत व जपानात आहेत. या खटाटोपातून जे लेखन निर्माण झाले, त्यापैकी तीन ग्रंथ अलीकडे माझ्या वाचनात आले. मायकेल ॲलन हॅरिस यांचा ‘जीन्स ऑफ द ओल्ड वेस्ट’ (२०१०), डब्ल्यू. डेव्हिड मार्क्स यांचा ‘अमेतोरा’ (२०१५) आणि लिन डाउनी यांनी लिहिलेले लीव्हाय स्ट्रॉस यांचे चरित्र (२०१६) हे ते ग्रंथ होत. प्रस्तुत लेख म्हणजे त्यांचे रीतसर परीक्षण नव्हे. या मंडळींनी इतिहास जपण्याची जी पद्धत घडवली ती कितपत ग्राह्य आहे, तिच्यात उणीव कोणती, आणि आपल्याला तिच्यापासून काय घेता येईल, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

केरीसारख्या गावी, तेरेखोलच्या खाडीकाठी बसून अमेरिकेतील विजारींचा विचार करणाऱ्या वकिलाला कोणी हसेल, हे मी जाणून आहे. आपल्या कित्येक देवालयांच्या दारांवर आता पोशाखाविषयीचे फलक लागले आहेत आणि फाटकी जीन्स हा त्यांतला एक ठळक निषिद्ध पदार्थ आहे. त्या फलकांशी माझा वाद नाही. देवाच्या दारात काय नेसून यावे हे ठरवण्याचा अधिकार महाजनांचा आहे. आमच्या न्यायालयांतही तीच कथा. जानेवारी २०२३ मध्ये गुवाहाटीच्या उच्च न्यायालयात जीन्स घालून उभ्या राहिलेल्या एका वकिलाला पोलिसांकरवी बाहेर काढण्यात आले होते. परंतु ज्या वस्तूला सभामंडपात किंवा न्यायासनासमोर प्रवेश नाही, तिला इतिहासही नाही, असे मात्र कोणी समजू नये.

प्रथम पद्धतीविषयी. जीन्सचा ज्ञात इतिहास एका सरकारी दस्तऐवजापासून सुरू होतो, ही गोष्ट वकिलाला सुखावणारी आहे. नेवाडा राज्यातील रीनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. कामकरी लोकांच्या पाटलोणींचे खिसे वारंवार उसवतात हे पाहून त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकले. युक्ती चालली. पेटंट घेण्याइतका पैसा त्याच्यापाशी नव्हता, म्हणून तो ज्याच्याकडून कापड घेत असे त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यापाऱ्याला, म्हणजे लीव्हाय स्ट्रॉस याला, त्याने भागीदारीत घेतले. २० मे १८७३ रोजी त्यांना अमेरिकन सरकारचे १,३९,१२१ क्रमांकाचे पेटंट मिळाले. दुसऱ्याच वर्षी पेटंटभंगाचा दावा लावण्याची पाळी त्यांच्यावर आली. कारण चांगली युक्ती आणि तिची नक्कल ही भावंडे एकाच पाळण्यात वाढतात.

पुढे १८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला आणि त्यापाठोपाठ आग लागली. तीत या कंपनीची इमारत भस्मसात झाली, आणि तिच्याबरोबर जुन्या वह्या, पत्रे, हिशेब व मालाचे नमुनेही गेले. ज्या कंपनीचे नाव जगभर झाले, तिच्यापाशी स्वतःच्या पहिल्या पन्नासावर वर्षांचा कागद उरला नाही. ही पोकळी दंतकथांनी भरली. सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांना तंबूचे कापड विकण्यासाठी आलेल्या लीव्हायने त्याच कापडाच्या विजारी शिवल्या, अशी कथा अनेक वर्षे सांगितली जात होती. लिन डाउनी १९८९ मध्ये या कंपनीच्या इतिहासकार म्हणून रुजू झाल्या, आणि त्यांनी ही कथा खरी नसल्याचे दाखवून दिले. ज्या मालकाचे वेतन घ्यावयाचे त्याच्याच लाडक्या कथेला खोटे ठरवणे हे सोपे काम नव्हे. आपल्या देवस्थानांचे आणि घराण्यांचे इतिहास लिहिणाऱ्यांनी हा एक धडा जरी घेतला, तरी पुष्कळ झाले.

कागद जळाले तेव्हा वस्त्रालाच कागद मानावे लागले. इथेच या पद्धतीचे खरे सौंदर्य आहे. पाठीमागच्या खिशावरचा लाल फितीचा तुकडा असेल तर पाटलोण १९३६ नंतरची. मागच्या खिशांचे रिव्हेट कापडाखाली झाकलेले असतील तर १९३७ नंतरची. खिशावरची दुहेरी कमान दोऱ्याने न शिवता रंगाने काढलेली असेल तर ती दुसऱ्या महायुद्धातील, कारण त्या काळी दोरा आणि धातू वाचवण्याची सरकारी सक्ती होती. आणि लाल फितीवरील नावातले ई हे अक्षर मोठ्या लिपीतले असेल तर १९७१ च्या आधीची. शिलालेखाचा काळ अक्षरांच्या वळणावरून ठरवणाऱ्या पंडितांच्या पद्धतीहून ही पद्धत फारशी वेगळी नाही. हॅरिस यांनी तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील सोडून दिलेल्या खाणींत स्वतः उतरून, दगडमातीत दडपलेल्या चिंध्या बाहेर काढल्या, आणि एकट्या लीव्हायच्याच नव्हे तर त्याच्या विस्मृत प्रतिस्पर्ध्यांच्या पाटलोणींचीही नोंद केली. जिंकलेल्या पक्षाचीच कैफियत वाचून निकाल देऊ नये, हे तत्त्व त्यांनी पाळले.

जपानची गोष्ट याहून विलक्षण आहे. युद्धात हरलेल्या देशात विजेत्यांच्या सैनिकांची टाकाऊ पाटलोण ही प्रथम कुतूहलाची, मग हौसेची आणि अखेर अभ्यासाची वस्तू झाली. ओकायामा प्रांतातील कोजिमा हे गाव शाळकरी मुलांचे गणवेश शिवण्यासाठी प्रसिद्ध होते. १९६५ च्या सुमारास तेथे अमेरिकन कापडाच्या जीन्स शिवल्या जाऊ लागल्या, आणि १९७३ पर्यंत जपानी गिरण्या स्वतःच ते कापड विणू लागल्या. अमेरिकेतील गिरण्या अरुंद पन्ह्याचे धोट्याचे माग मोडीत काढत असताना जपानी कारागिरांनी तसल्या मागांवरचे विणकाम जिवंत ठेवले. मार्क्स यांच्या ग्रंथाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर अमेरिकेची ही वस्तू अमेरिकेहून अधिक निष्ठेने जपानने सांभाळली. पुढे घडले तेही असे की, नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ज्या व्हाइट ओक गिरणीत शंभरावर वर्षे हे कापड विणले जाई, ती २०१७ च्या अखेरीस बंद पडली. इतिहास ज्याचा असतो तोच तो जपतो असे नाही. ज्याला त्याचे मोल कळते तो जपतो.

आता उणिवांकडे वळू. पहिली उणीव ही की, या क्षेत्रात इतिहास आणि बाजार यांच्यामधली भिंत फार पातळ आहे. २०२२ च्या शरदात न्यू मेक्सिको राज्यात एका जुन्या पाटलोणीची जाहीर पावणी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकातील ही पाटलोण एका ओसाड खाणीत सापडली होती. ७६,००० डॉलरची बोली लागली आणि अधिभारासह ती ८७,४०० डॉलरांना, म्हणजे त्या वेळच्या दराने ७० लाखांहून अधिक रुपयांना गेली. त्याच वर्षी डिसेंबरात रीनो येथे दुसरी एक पाटलोण १,१४,००० डॉलरांना विकली गेली. ही १८५७ मध्ये वादळात बुडालेल्या ‘सेंट्रल अमेरिका’ नावाच्या जहाजावरील एका पेटीत मिळाली होती. विकणाऱ्यांच्या बाजूने असे सुचवले गेले की ती लीव्हाय स्ट्रॉस याच्या दुकानची असावी. कंपनीच्या इतिहासविभागाने ते मान्य केले नाही. तीवर रिव्हेट नाही, नाव नाही, आणि पेटंट तर त्यानंतर सोळा वर्षांनी आले. बटणे सारखी दिसतात एवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. तरीही बोली लागली, कारण बाजाराला पुरावा नको असतो, संभव पुरतो. न्यायालयाला संभव पुरत नाही, आणि इतिहासालाही पुरू नये.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे, आणि ती पहिल्या पाटलोणीच्याच खिशात आहे. सत्तर लाखांच्या त्या विजारीच्या खिशाच्या आतल्या अस्तरावर एक वाक्य छापलेले आढळले. त्याचा आशय असा की, हा माल केवळ गोऱ्या मजुरांनी तयार केलेला आहे. १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा केला, त्या काळचा हा शिक्का. कंपनीने पुढे ते वाक्य सोडून दिले. परंतु विचार करावा: ज्या वस्त्राला आज समतेचे, स्वातंत्र्याचे, तरुणाईचे प्रतीक म्हणून मिरवले जाते, त्याच्या पोटात हे लिहिलेले होते. रिव्हेट आणि शिवण यांचे काळजीपूर्वक वर्णन करणारा संग्राहक या वाक्याशी आला की त्याचा आवाज खाली येतो. वस्त्र हा दस्तऐवज आहे असे एकदा मानले, की मग तो सगळा वाचला पाहिजे. सोयीची पाने वाचून गैरसोयीची पाने चिकटवून ठेवणे हा वाचकाशी केलेला अपहार आहे.

तिसरी उणीव आपल्याशी संबंधित आहे. जीन्सचे निळेपण कोठून आले, याविषयी या ग्रंथांत फार थोडे सापडते. निळीसाठी पोर्तुगीज भाषेत जो ‘अनिल’ शब्द आहे, तो अरबीतून आलेला आपला ‘नील’च होय. सोळाव्या-सतराव्या शतकांत गुजरातेतील सरखेज वगैरे ठिकाणची नीळ गोव्याच्या मार्गे लिस्बनला जात होती. पुढे इंग्रजांच्या अमलात बंगाल-बिहारातील रयतेवर निळीची सक्ती झाली. १८५९-६० मध्ये बंगालच्या शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध उठाव केला, आणि १९१७ मध्ये गांधीजी चंपारण्यात गेले ते याच निळीसाठी. मधल्या काळात, १८९७ मध्ये, जर्मनीतील कारखान्याने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि भारतीय निळीचा व्यापार कोसळत गेला. निळ्या वस्त्राची कुळकथा सांगताना रंग पिकवणाऱ्या हातांचे नाव न घेणे म्हणजे मूर्तीचे वर्णन करून पाथरवटाला विसरणे होय.

परंतु येथे आपणही पूर्ण निर्दोष नाही, हे मला या नियतकालिकाच्या वाचकांसमोर विशेषतः मांडावयाचे आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात ब्राह्मणाने विकू नयेत अशा पदार्थांची जी यादी आहे, तीत मद्य आणि लाख यांच्या जोडीला नीळ आहे. निळीने रंगवलेले वस्त्र धर्मकृत्याला वर्ज्य, त्याच्या स्पर्शाने सोवळे मोडते, ही समजूत आपल्या घरांतून परवापरवापर्यंत होती. सफेद धोतराला नीळ घालून ते अधिक शुभ्र करावयाचे, पण निळे वस्त्र नेसणाऱ्याला मात्र अंतरावर ठेवावयाचे, असा हा व्यवहार. निळीच्या हौदात उतरून जो राबला त्याचे हात निळे झाले, आणि ते निळेपण हीच त्याची पायरी ठरली. निळ्या वस्त्रांचा इतिहास आपण जपला नाही याचे एक कारण दारिद्र्य असेल. दुसरे कारण आपली ही दृष्टी आहे.

याच्या उलट बाजूची एक चूक अलीकडे फार बोकाळली आहे. जीन्स मुळात मुंबईचीच, कारण डोंगरीच्या कापडावरून इंग्रजांचा ‘डंगरी’ शब्द आला, असे अभिमानाने सांगितले जाते. यातला खरा भाग असा की, मुंबईच्या डोंगरी भागाच्या नावाने विकले जाणारे जाडेभरडे सुती कापड सतराव्या शतकापासून इंग्रज व्यापाऱ्यांच्या कागदांत दिसते. खलाशी त्याची शिडे व तंबू करीत, आणि पुढे त्याच्या विजारीही झाल्या. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या प्रसिद्ध कोशातही तो शब्द नोंदलेला आहे. पण शब्द आपला म्हणजे वस्त्र आपले, हा निष्कर्ष टिकणार नाही. डेनिम हे तिरक्या विणीचे कापड; त्याचा उभा धागा निळा आणि आडवा धागा कोरा असतो. डोंगरी हे साध्या विणीचे भरड कापड होते. जीन हे नाव जिनोवा शहरावरून आणि डेनिम हे फ्रान्समधील नीम शहरावरून आले, असे परंपरेने मानतात. आपल्या आजोबांच्या पिढीतले ‘जीनचा कोट’ म्हणत, तेही हेच नाव. तेव्हा आपला दावा अंशतः मंजूर आणि अंशतः नामंजूर करावा लागेल. शब्द दिला, रंग दिला, भरड कापडाची विजार करण्याची रीत खलाशांना दिली, एवढे म्हणता येईल. आणि एवढे म्हटल्यावर लगेच पुढचा प्रश्न येतो: त्या डोंगरी कापडाचा एक वीतभर तुकडा दाखवा, असे कोणी म्हटले तर आपण कोणते दार ठोठावणार?

जिनोवाच्या लोकांना तो प्रश्न पडत नाही, आणि याचे कारण देवालयाशी संबंधित आहे. त्या शहरातील धर्मप्रांतीय संग्रहालयात निळीने रंगवलेल्या तागाच्या कापडाचे चौदा मोठे पट आहेत. त्यांवर ख्रिस्ताच्या अंतकाळाची चित्रे पांढऱ्या रंगाने काढलेली आहेत. सोळाव्या शतकापासूनचे हे पट पवित्र सप्ताहात मठात टांगले जात. कापड साधे, रंग कामकऱ्यांचा. परंतु उपासनेत आले म्हणून ते जपले गेले, आणि आज वस्त्राच्या इतिहासकाराला तेथे जाऊन उभे राहावे लागते. आपल्याकडे देवीला दरवर्षी किती साड्या अर्पण होतात! त्यांत विणकरांच्या किती पिढ्यांचे हात असतात! उत्सव संपला की त्यांची पावणी होते, श्रद्धेने लोक त्या घेतात, नेसतात, आणि त्या झिजून जातात. ही प्रथा वाईट नाही. प्रसाद वाटण्यासाठीच असतो. पण दहा वर्षांतून एक वस्त्र, कोणी अर्पण केले, कोठे विणले, कोणत्या साली, एवढी चिठ्ठी लावून बाजूला ठेवले असते, तर गोव्याच्या वस्त्रांचा इतिहास आज देवस्थानांच्या पेट्यांतून वाचता आला असता. वेंडेल रॉड्रिक्स यांनी गोव्याच्या पोशाखांवर ‘मोडा गोवा’ हा ग्रंथ २०१२ मध्ये प्रसिद्ध केला आणि कुणबी साडीकडे लोकांचे लक्ष पुन्हा वेधले. त्यांना जे काम एकट्याने आरंभावे लागले, त्याला आपली देवस्थाने हातभार लावू शकली असती.

आता घरची गोष्ट सांगतो, कारण हा सारा विचार तिच्यामुळेच सुरू झाला. आमच्या पेडणे महालात जीन्स तीन वाटांनी आली. पहिली वाट तारवट्यांची, म्हणजे परदेशी जहाजांवर नोकरी करणाऱ्यांची. दुसरी हिप्पींची. हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात आणि पुढे हरमलच्या किनाऱ्यावर हे लोक मुक्काम वाढवण्यासाठी आपल्या अंगावरचे कपडेसुद्धा विकत, आणि आमच्याकडचे तरुण ते घेत. तिसरी वाट मुंबईची, आणि मुंबईमागे उल्हासनगरची. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांचे हे गाव १९४९ मध्ये वसले. तेथील शिंप्यांनी गल्लोगल्ली जीन्स शिवण्याचा धंदा उभा केला. ‘मेड इन यू.एस.ए.’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तेव्हा सर्वांना ठाऊक होता. त्या विनोदात कुचेष्टा होती, तसे कौतुकही होते. सर्वस्व गमावलेल्या माणसांनी कापडाच्या तुकड्यांतून संसार उभे केले, हे त्यामागचे सत्य. त्या धंद्याची किंमत तेथल्या वालधुनी नदीने मोजली, हेही तितकेच सत्य.

माझा थोरला चुलतभाऊ जहाजावर इंजिनखात्यात कामाला होता. १९८८ साली तो रजेवर आला तेव्हा त्याच्या अंगावर निळी जीन्स होती, आणि मी, आठ वर्षांचा मुलगा, तिच्या तांबड्या शिवणीकडे डोळे लावून बसलो होतो. त्याच पाटलोणीवर तो जत्रेला आला. सभामंडपाच्या पायरीशी एका वृद्ध महाजनांनी त्याला थांबवून, “दादा, धोतर नेसून ये,” एवढेच सांगितले. तो हसला, घरी गेला, धोतर नेसून आला आणि पालखीला खांदा दिला. दोघांपैकी कोणाच्याही मनात अढी राहिली नाही. काही वर्षांनी तो आजाराने गेला. जीन्स काकीने ट्रंकेत ठेवली. ती अमेरिकेची, हे आमच्या घरात वेदवाक्य होते. “तें ताणें तारवार आसतना हाडिल्लें,” असे काकी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

वर उल्लेखिलेले ग्रंथ वाचल्यावर, त्यांची पद्धत हाताला लागते का पाहावे म्हणून, गतवर्षी मी काकीच्या परवानगीने ती ट्रंक उघडली. पुरावा कायद्यात एक कलम आहे. पूर्वी ते नव्वदावे होते, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते ब्याण्णवावे झाले. तीस वर्षांचा जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून हजर केला असेल, तर त्यावरील सही आणि हस्ताक्षर खरे असल्याचे न्यायालयाला गृहीत धरता येते. येथे तीस वर्षे उलटली होती. आईच्या ट्रंकेहून योग्य ताबा कोणता? पण गृहीतक हे खंडनीय असते. कमरेवरच्या चामडी पट्टीवर एका प्रसिद्ध अमेरिकन कंपनीचे नाव होते, आणि त्या नावाखालच्या इंग्रजी वाक्यात एक शब्द चुकीचा छापलेला होता. मी खिसा उलटा केला. आतल्या अस्तराच्या काठावर, शिवणीत अर्धा कापलेला, गिरणीचा शिक्का होता, आणि त्याची अक्षरे गुजराती होती. पाटलोण अमेरिकेची नव्हती. जहाजाची वाट पाहत मुंबईत दिवस काढताना त्याने ती कोणत्यातरी रस्त्यावर घेतली असावी.

ती संध्याकाळ मला जड गेली. सत्तर लाखांच्या विजारीच्या खिशातले वाक्य लपवणाऱ्यांना दोष देणारा मी, आमच्या ट्रंकेतल्या खिशातले लपवू काय? एका वृद्ध आईचा एवढासा अभिमान मोडून इतिहासाचे कोणते कल्याण होणार होते? शेवटी मी काकीला सांगितले. ती पाटलोण हातात घेऊन बराच वेळ गप्प राहिली. मग तिने गुडघ्याजवळची विरलेली जागा बोटाने चाचपली आणि म्हणाली, “मागीर कितें जालें, बाबा? न्हेशिल्लें ताणेंच न्हय?”

या उत्तरापुढे माझी सारी कायदेशास्त्राची पुंजी थिटी पडली. ती पाटलोण कोणी शिवली हा एक प्रश्न आहे. ती कोणी झिजवली हा दुसरा. संग्राहकांचा इतिहास पहिल्या प्रश्नाशी थांबतो, कारण बोली त्यावर लागते. आईचा इतिहास दुसऱ्यावर उभा असतो. जपणूक पूर्ण व्हावयाची तर दोन्ही लिहून ठेवले पाहिजेत. मी एका कागदावर तसे लिहिले: पट्टीवर काय आहे, अस्तरावर काय आहे, घरी काय सांगत आले, ते कोठे चुकले, कोणी नेसली, केव्हापासून ट्रंकेत आहे, आणि पायरीशी काय घडले. खाली सही-तारीख घातली, आणि तो कागद पाटलोणीच्या घडीत ठेवला. बनावट नावाची ही वस्तू कोणत्याही पावणीत दहा रुपयांना जाणार नाही. पण एकोणीसशे ऐंशीच्या दशकात पेडण्याचा एक तरुण समुद्रावर जाताना काय नेसला, कोणत्या देशाचा म्हणवून घेण्याची त्याला हौस वाटली, आणि ती हौस भागवणारे शिंपी कोणते होते, याची याहून चोख साक्ष मला ठाऊक नाही. खरी अमेरिकन पाटलोण असती तर तिने आमच्याविषयी इतके सांगितले नसते.

म्हणून अमेरिकन व जपानी अभ्यासकांचे ऋण मान्य करूनही माझा अभिप्राय असा आहे की, त्यांची पद्धत घ्यावी, त्यांचे तराजू घेऊ नयेत. दुर्मीळ काय ते शोधण्यात त्यांनी आयुष्य घातले. आपल्याला मात्र सामान्य काय होते ते शोधावयाचे आहे, कारण सामान्य तेच आधी नाहीसे होते. आपल्या घरोघरी माळ्यावर, ट्रंकेत, गोधडीच्या थरांत अशी वस्त्रे अजून आहेत. ज्यांनी ती नेसली ते किंवा त्यांच्या आया-बहिणी अद्याप बोलण्यासारख्या आहेत. आणखी वीस वर्षांनी कापड उरेल, सांगणारे उरणार नाहीत. आणि साक्षीदाराविना उरलेला मुद्देमाल कशाचीच शाबिती करीत नाही.

आमच्या देवस्थानाच्या वार्षिक सभेत मी एक लहानसा ठराव मांडणार आहे. कचेरीतील एक कोरडे कपाट रिकामे करावे, आणि कुळाव्यांना आवाहन करावे की ज्यांना जमेल त्यांनी घरातले एक जुने कामाचे वस्त्र, ते कोणी नेसले त्याची चिठ्ठी लावून, तेथे आणून द्यावे. लुगडे असो, काष्टी असो, वा जीन्स असो. सभामंडपात तिला मज्जाव असला तरी कचेरीतल्या कपाटात नाही, असा अर्थ मी नियमावलीचा लावतो. ठराव मंजूर होईल की नाही हे सांगता येत नाही. काकीने मात्र पाटलोण देण्याचे कबूल केले आहे. अट एवढीच घातली आहे की, तो कागद घडीतून कोणी काढू नये.